पयला टाका, सर!

झरी जामणी तालुक्यात सायकलवर चढ चढणाऱ्या माणसाला एकटं सोडायची पद्धत नाही. सपाटीवर कुणी सायकल मारत चालला असेल तर लोक फार तर मान वळवून बघतात. पण चढ लागला, वेग पडला, माणूस मान खाली घालून धापा टाकू लागला, की बघणाऱ्याच्या काळजाला पाझर फुटतो. मागून येणारी मोटारसायकल हळू होते, शेजारी येते आणि पहिला प्रश्न येतो, "काहून जी, चेन गेली काय?" चेन शाबूत आहे म्हटलं की दुसरा, "मंग शुगर निघाली काय?"

माणूस चढावर सायकल घेऊन आपखुशीने गेला असेल, ही तिसरी शक्यता कुणाच्या मनात येत नाही. यात त्यांचा दोष नाही. आमच्या भागात सायकल चालवणाऱ्यांचे वर्ग ठरलेले आहेत. मानव विकासच्या योजनेत सायकल मिळालेल्या आठवी-नववीच्या मुली, कॅरिअरला डबा अन् हँडलला विळा अडकवून वावरात जाणारे म्हातारे, कुल्फीवाला आणि भंगारवाला. या चौघांत न बसणारा, चाळिशी उलटलेला, पगारी, दारात चारचाकी असलेला इसम भल्या सकाळी तंग चड्डी घालून माथार्जुनच्या दिशेने सायकल हाणत निघाला, तर त्याचं काहीतरी बिनसलं आहे हे उघड आहे. एक तर डॉक्टरने सांगितलं असणार, नाहीतर बायकोने गाडीची चावी काढून घेतली असणार.

त्यात सायकलची किंमत. "किती पडली?" हे विचारणं आमच्याकडे उद्धटपणाचं मानत नाहीत, न विचारणं मानतात. खरा आकडा सांगितला की समोरचा क्षणभर गप्प होतो, सायकलीकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो आणि हळहळून म्हणतो, "येवढ्यात त सेकंडमधी बुलेट आली असती." म्हणून आमच्या टोळीचा अलिखित ठराव आहे की बाहेर एकतृतीयांश किंमत सांगायची आणि घरी एकचतुर्थांश. टोळी म्हणजे एक गुरुजी, एक मेडिकलवाले, एक गुरांचे डॉक्टर, एक बँकवाले आणि हे सगळं लिहून ठेवणारा मी. ध्येय एकच, चढ चढता यावा. सपाटीवर आम्ही सगळेच बरे दिसतो.

आता कुणी म्हणेल, चढाचा सराव करायला झरीत घाट आहे कुठे? घाट म्हटला की सह्याद्री आला, बोरघाट आला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तर तो घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताबच असतो. विदर्भाच्या वाट्याला चिखलदरा तेवढा आला आणि तोही मेळघाटात, आमच्यापासून विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला. नागपूरकरांना निदान उड्डाणपूल तरी आहेत. पण ही सबब टिकत नाही, आणि ती हाणून पाडायला मी नेहमी हॉलंडवाल्यांना पुढे करतो. त्या देशातला युरोपमधला सर्वांत उंच ठिपका 322 मीटरचा. आमच्या टेकड्यांनी त्याच्यापुढे लाजायचं काही कारण नाही. तरी टूर द फ्रान्समधला तो नामांकित आल्प द्युएझचा चढ, 21 वळणांचा, 13.8 किलोमीटरचा, 1976 ते 1989 या काळात डच गड्यांनी आठ वेळा मारला. झूटेमेल्क दोनदा, कायपर दोनदा, विनेन दोनदा, मग रूक्स आणि टेउनिसे. तिथे वळणावळणावर नारिंगी कपड्यांतले डच लोक अजून धिंगाणा घालतात. डोंगराच्या नावाने शून्य असलेल्या देशाने हे केलं कसं? त्यांच्याकडे समुद्रावरून येणारा वारा आहे, आणि समोरून येणारा वारा पायांना चढाइतकाच पिळून काढतो. वाऱ्याशी झुंजून त्यांचे पाय तयार झाले.

आमच्याकडे तसा वारा नाही. आमच्याकडे नाले आहेत.

पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख नकाशावर सपाट दिसतो, पण सायकलवर बसलं की खरं कळतं. रस्ता बरडावरून चाललेला असतो, मग नाल्यात उतरतो, रपट्यावरून पाणी किंवा पाण्याच्या आठवणी ओलांडतो आणि समोर लगेच चढ. चढ लांबीला किरकोळ, पण तिरका चांगलाच. शास्त्र सांगतं की उतारावर मिळालेल्या वेगावर अर्धा चढ फुकटात निघतो. शास्त्राला रपट्यावरच्या बकऱ्या ठाऊक नाहीत. उताराने भन्नाट यावं, तर नाल्याच्या बरोबर तळाशी बकऱ्यांचा कळप आडवा. त्यातली एक, पुढचे दोन पाय कठड्यावर ठेवून बाभळीचा शेंडा ओरबाडणारी, आपल्याकडे अशी बघते की ब्रेक दाबावाच लागतो. जमवलेला वेग तिथेच सांडतो आणि चढ शून्यापासून सुरू होतो. मोठे प्रशिक्षक ज्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात, म्हणजे थोडा वेळ जीव तोडून, मग थोडी उसंत, मग पुन्हा जीव तोडून, ते आमच्याकडे बकऱ्या करवून घेतात. गुराखी मात्र माफी मागतो. "हाकलू काय सर?" म्हणतो आणि कळप आणखी पसरवतो.

चढाचा हिशोब तसा साधा आहे आणि तो आम्हाला गुरांच्या डॉक्टरांनी समजावला. माणूस आणि सायकल मिळून 90 किलो वजन धरा. ते 100 मीटर उंच न्यायला साधारण 88 हजार ज्यूल लागतात. पण शरीर हे गळकं यंत्र आहे. खाल्लेल्यातलं तीनचतुर्थांशाहून जास्त उष्णता होऊन निघून जातं. म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या चौपटीहून थोडं जास्तच खर्ची पडतं. याचा अर्थ, डॉक्टरांच्या भाषेत, दर 100 मीटर चढाला मध्यम आकाराची तेल लावलेली एक पोळी. तेव्हापासून आम्ही चढ पोळ्यांत मोजतो. परतवाड्याहून चिखलदरा साधारण सात पोळ्या. आल्प द्युएझ अकरा. झरीच्या नाल्यांचे चढ पाव-पाव पोळीचे, पण सकाळच्या फेरीत ते इतक्यांदा येतात की घरी पोचेपर्यंत शिळी-ताजी मिळेल ती दुरडी रिकामी होते, आणि बायको विचारते, "वजन उतरवाले जाता का वाढवाले?"

वजनाचा विषय निघालाच तर एक सांगून टाकतो. चढावर एक किलो कमी झालं की दहा मिनिटांच्या चढात सहा-सात सेकंद वाचतात. मेडिकलवाल्यांनी हे वाचलं आणि हलक्या चाकांची जोडी मागवली. चाकं खरोखर हलकी. ती घेऊन ते आले त्या दिवशी पाठीवरच्या पिशवीत दोन बाटल्या पाणी, पंप, पाने, पावडरचा डबा, रेनकोट आणि घरून दिलेला शिऱ्याचा डबा होता. मार्च महिन्यात रेनकोट का, हे त्यांना विचारायचं नसतं.

पण चढ चढण्याची खरी मेख वजनातही नाही, पायातही नाही. ती हळू जाण्यात आहे. ज्याला मनापासून हळू जाता येतं तोच चढ चढतो. सुरुवातीला इतकं हळू की आपलीच आपल्याला लाज वाटावी, गिअर हलका, पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्यांनी शांत फिरतायत, बसून, खांदे सैल, तोंडाने दोन शब्द बोलता येतील इतकाच दम खर्च. नवशिका चढ दिसला की उभा राहून तुटून पडतो. उभं राहिल्यावर शरीराचा भार पेडलवर मिळतो हे खरं, पण हृदयाचे ठोके सुसाट सुटतात आणि अर्ध्या चढात माणूस रस्त्याकडेच्या पळसाला टेकून उभा राहतो. सहा टक्क्यांचा चढ दहाच्या वेगाने चढायला दीडशे-एकशे साठ वॅट लागतात, म्हणजे छताला लटकणारे जुने दोन पंखे. ते दोन पंखे सलग चालू ठेवता आले पाहिजेत. पहिल्या मिनिटाला सहा पंखे लावायचे आणि मग फ्यूज उडवायचा, यात शहाणपण नाही.

अडचण इथेच येते. मुद्दाम हळू जाणारा माणूस आमच्या लोकांना बघवत नाही. हळू जाणं ही त्यांच्या लेखी आपत्ती आहे, आणि आपत्ती म्हटली की मदत आली.

मुकुटबनच्या रस्त्याला ट्रकांची रांग असते. कोळसा, डोलोमाइट, चुनखडी, सिमेंट, जे काय जड म्हणून या भूमीत निघतं वा बनतं, ते सगळं याच रस्त्याने जातं. हे ट्रक सपाटीवर अंगावर येतात, पण चढावर त्यांची गत आमच्यासारखीच होते. भरलेला ट्रक पहिल्या गिअरवर माणसाच्या धावण्याच्या वेगाने चढतो. आम्हीही त्याच वेगाने. एकदा गुरुजी आणि मी अशा एका ट्रकच्या बरोबरीला आलो. त्याचा वेग आमच्यापेक्षा नखभर कमी, म्हणजे मागे राहणं जमत नव्हतं, सगळा धूर तोंडावर, आणि पुढे जाणंही होत नव्हतं. हळूहळू सरकत आम्ही मागच्या चाकाशी आलो, मग ताडपत्रीच्या दोरीशी, मग डिझेलच्या टाकीशी. केबिनच्या दारात क्लिनर एक पाय बाहेर सोडून बसलेला. हातात दगडाची उटी, म्हणजे ट्रक थांबलाच तर चाकाखाली घालायला. त्याने आमच्याकडे पाहिलं. त्याला एवढा निवांत श्रोता कुठल्याच रस्त्यावर मिळाला नसेल.

"कोठचे जी?"

"झरी." दोन शब्द बोलता येतील इतका दम ठेवायचा असतो, मी एकातच भागवलं.

"गिअर हायेत काय हिले?"

मी मान हलवली.

"मंग पयला टाका ना, सर! पयला!"

पहिलाच टाकलेला होता. त्याच्या खालचा गिअर बनवणाऱ्याने बनवला नव्हता. पण क्लिनरला पटेना. त्याने आत वाकून ड्रायव्हरला हे सांगितलं. ड्रायव्हर तेलंगणाकडचा, त्याने तेलुगूत काहीतरी विचारलं, क्लिनरने तेलुगूत उत्तर दिलं, मग ड्रायव्हरने स्वतः मान बाहेर काढून हाताने दाखवलं, असा, पुढे अन् वर, पयला. आमच्या मागे एक एसटी येऊन अडकली. तिच्या खिडक्यांतूनही माना निघाल्या. शाळेची पोरं होती. त्यांनी "पयला! पयला!" असा गजर धरला. गुरुजींची शाळा तीच. गुरुजींनी हेल्मेट पुढे ओढून घेतलं, पण पोरांनी बूट ओळखले. त्या चढावर गुरुजी ट्रकला मागे टाकून ज्या वेगाने वर गेले, तो वेग त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात अजून जपून ठेवलेला आहे. भीड हेही इंधनच म्हणायचं. त्याचे ज्यूल कुणी मोजलेले नाहीत.

आमच्या भागातल्या जुन्या काळ्या सायकलवाल्यांना ही कटकट नाही. पुढे 44 दात, मागे 18, बदलायला काही नाही. सायकल वीस किलोच्या वर. चढ आला की ते उतरतात. यात कसलीही हार नसते. चढाच्या पायथ्याशी पाय टेकायचा, सायकल डाव्या हाताला घ्यायची, उजव्या हाताने टोपी सारखी करायची आणि चालू लागायचं. डबलसीट असेल तर आणखी बघण्यासारखं. मागे बसलेली बाई नवऱ्याने काही म्हणायच्या आत, चढ सुरू व्हायच्या दहा हात अलीकडे, टुणकन उतरते. पिशवी तिच्याच हातात राहते. नवरा एका क्षणात पन्नास किलोने हलका होतो आणि वर जातो. जगातल्या कुठल्याही कार्बनच्या चौकटीला हे साधलेलं नाही. वर गेल्यावर तो थांबतो का? थांबतो, पण मागे वळून बघत नाही, कारण ती येतच असते. तंबाखू मळून होते तोवर ती येते, बसते, सायकल हलते. या सगळ्यात दोघांमध्ये एक शब्द होत नाही.

याला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी टूर द फ्रान्सचा इतिहास चाळावा. ती शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज साहेबांना गिअर बदलणारं यंत्र म्हणजे बुजुर्गांचे लाड वाटत. 1937 पर्यंत त्या शर्यतीत डेरेलर चालत नसे. पिरेनीजचा डोंगर आला की भले भले गडी उतरून मागचं चाक उलटं करून बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या दातांवर चेन चढवत. 1910 साली तूर्मालेच्या चढावर ऑक्ताव लापीझने अनेक ठिकाणी सायकल ढकलत नेली आणि पुढे आयोजकांना खुनी म्हणून शिव्या घातल्या. ती शर्यत त्यानेच जिंकली. म्हणजे चालत जाण्याला फार मोठी परंपरा आहे. हे मी बँकवाल्यांना सांगतो, कारण ते प्रत्येक चढावर उतरतात आणि फोन आल्याचं नाटक करतात. ज्या खोऱ्यात टॉवरची रेंज पोचत नाही तिथेही त्यांना फोन येतो.

सरावासाठी वेळ कोणती, हाही आमच्याकडे गंभीर प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 पर्यंत जातो. सकाळी नऊनंतर डांबर टायरला चिकटू लागतं, म्हणून पहाटे चारला निघावं असं कोणत्याही पुस्तकात सांगितलेलं असतं. त्या पुस्तकाच्या लेखकाला टिपेश्वर अभयारण्य शेजारी नाही. आमच्याकडे उजाडल्याशिवाय जंगलाकडच्या रस्त्याला लागायचं नाही, हे घरच्यांपासून वनखात्यापर्यंत सगळे सांगतात आणि इथे सगळ्यांचं एकमत असलेली ही एकमेव गोष्ट आहे. त्यामुळे वाघ झोपल्यानंतर आणि ऊन उठण्याआधी, अशी जी काय चिंचोळी फट उरते त्यात चढ चढायचे.

आणि खरं सांगायचं तर आमच्या जिल्ह्यातला लांब पल्ल्याचा सर्वांत मोठा खेळाडूही वाघच आहे. टिपेश्वरातल्या एका जवान वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला तो महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे तुडवत, रस्ते, नद्या, वावरं ओलांडत डिसेंबरात थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. सगळी मिळून त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरली. त्याचं नाव 'वॉकर' पडलं. गुरांच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की कॉलर म्हणजे शेवटी आपल्या सायकलीवरचं जीपीएसच, फरक इतकाच की तो आपल्या फेऱ्यांचे फोटो सकाळी-सकाळी ग्रुपवर टाकत नव्हता. आणि तो का निघाला, तर हद्द, शिकार आणि जोडीदार शोधायला. म्हणजे त्याच्याकडे कारण होतं. आम्हाला कुणी कारण विचारलं की आम्ही एकमेकांकडे बघतो.

चहाच्या टपरीवर आमच्या चढांवर रोज चर्चासत्र भरतं. चढ कसा चढावा यावर जे कधी चढलेले नाहीत त्यांची मतं सर्वांत ठाम. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर सांगतात, चढ दिसला की आधीच गिअर पाडायचा, चढावर लोड आल्यावर पाडला तर मेली गाडी. हे शंभर टक्के बरोबर आहे आणि सायकलच्या कोणत्याही प्रशिक्षकाने दिलं असतं तेच ज्ञान आहे. दाब पेडलवर असताना गिअर पाडला की चेन कडाडते. एक माजी पैलवान म्हणतात, दूध-बदाम. टपरीवाला स्वतः म्हणतो, काही नाही, एक कट मारा आणि निघा. मेडिकलवाले परदेशी जेलची पुडी फोडून चोखतात तेव्हा सगळी टपरी कौतुकाने बघते. त्यात असतं काय, तर साखर आणि मीठ. गूळ-शेंगदाण्यांची पुडी दहा रुपयांत तेच काम करते, फक्त चढावर शेंगदाणा चावता येत नाही आणि तोंडात अर्धा राहिलेला शेंगदाणा घेऊन धापा टाकणं धोक्याचं असतं. ही सूचना अनुभवी माणसाची समजावी.

या सगळ्या लुडबुडीचा पूर्वी मला वैताग यायचा. मग नागपूरच्या डॉ. अमित समर्थांविषयी वाचलं. विदर्भातला माणूस, डॉक्टर, आणि 2017 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची रॅम शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकच्या लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांनीही केली. त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्याच महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या संघात. 2018 मध्ये समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक असं नऊ हजारांवर किलोमीटर अंतर कापलं. रॅमचं अंतर 4,800 किलोमीटरच्या घरात आणि चढ सगळे मिळून 50 हजार मीटरच्या वर. आमच्या मापाने पाचशेवर पोळ्या. पण माझ्या डोळ्यांत भरलं ते वेगळंच. ही शर्यत 'एकट्याची' म्हणतात, पण एकट्याच्या मागे गाडी असते, गाडीत माणसं असतात. ती खायला देतात, पाणी देतात, रस्ता सांगतात, झोप लागू नये म्हणून बोलत राहतात, गाणी लावतात. त्याला क्रू म्हणतात. क्रूशिवाय अशी शर्यत पार पडत नाही.

म्हणजे जे जमवायला लोक लाखो रुपये खर्चून अमेरिकेला जातात, ते आम्हाला झरी जामणीत दाराबाहेर पडल्यापासून मोफत मिळतं. आणि नको म्हटलं तरी मिळतं. परवाच शिबल्याच्या रस्त्याला एक पिकअपवाला आमच्या मागे लागला. मागे हौद्यात कापसाचे रिकामे बोरे आणि एक म्हातारी. तो पुढे जाईना. आम्ही हात दाखवून जा म्हणालो, तर त्याला वाटलं बोलावतायत. त्याने आणखी जवळ आणली, गाणं मोठं केलं आणि चढभर आमच्या मागे पहिल्यावर गाडी चालवत राहिला. मेडिकलवाल्यांनी गाण्याच्या ठेक्यावर पाय धरले आणि खोटं कशाला बोला, बँकवाले त्या दिवशी पहिल्यांदा न उतरता वर आले. फोन आला नाही.

वर पोचल्यावर पिकअप थांबली. ड्रायव्हर उतरला आणि त्याने हौद्याचा फाळका पाडला.

"चला, ठेवा सायकली वरती."

"अरे भाऊ, चढ संपला आता. पुढं उतारच आहे."

"म्हणून त म्हनून राह्यलो," तो म्हणाला. "चढाले काय होते, मानूस लय त लय थांबते. उताराले ब्रेकाचा भरवसा नाई. आजी, सरक वो तिकडं, पाच सायकली हायेत."

आजी सरकली.